बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातील गळती आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय महाविद्यालये

गोदाकाठ (परभणी) :
आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला प्रवेश पुरेसे होतात. परंतु दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली आणि बारावीला गणित न घेतलेली मुले भौतिक रसायनात लॉगरिदम (लॉग, म्हणजे एखादी संख्या १० चा कितवा घात आहे ते काढणे) आला की अडतात, आणि दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला त्यांतील कित्येक जण बसतही नाहीत. अमेरिकेत १९६४ पूर्वी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली सुमारे शंभर महाविद्यालये आहेत, आणि विज्ञान पदवीधर घडविण्यातील त्यांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने बराच मोठा आहे. त्यांच्या पद्धतींपैकी आपल्याकडे काय चालेल?

रसायनवाला (नांदेड) :
न्यू ऑर्लिन्सच्या झेवियर विद्यापीठाकडे पाहावे. १९२५ मध्ये सुरू झालेली ही छोटी संस्था कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणापर्यंत पोहोचविण्यात दीर्घकाळ आघाडीवर राहिली आहे. तेथील रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी पहिल्या वर्षाचा विषय एकत्र बसून बांधला : सर्व तुकड्यांना एकच कार्यपुस्तिका, वारंवार छोट्या चाचण्या, गटाने अभ्यास, आणि प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात तर्क व आकडेमोडीचे वर्ग. मुलगा कुठे कच्चा आहे, हे शोधणे तेथे शिक्षकांचे काम मानले गेले. आपल्याकडे प्रत्येक जण आपापल्या नोट्स देतो, आणि लॉग शिकविणे हे कोणाच्याच वाट्याला येत नाही. हायड्रोजन आयनांची संहती (द्रावणातील प्रमाण) १०⁻³ असेल तर सामू (pH, आम्लतेचे माप) ३, हे वर्ग एका सुरात सांगतो. तीच २ × १०⁻³ केली की शांतता पसरते, कारण २.७ हे उत्तर काढायला लॉग २ लागतो.

बालाघाट (बीड) :
पद्धत चांगली आहे, पण पैशाचा प्रश्न तिने सुटत नाही, आणि तो त्यांचाही सुटलेला नाही. १८९० च्या मॉरिल कायद्याखालील (कृषी व तांत्रिक शिक्षणासाठी सरकारी अनुदान देणाऱ्या) कृष्णवर्णीय विद्यापीठांना तीन दशकांत समान वाट्यापेक्षा १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी मिळाला, असे अमेरिकी सरकारनेच २०२३ मध्ये १६ राज्यांच्या गव्हर्नरांना कळविले. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास आई-वडील ऊसतोडीला गेले की घर आणि धाकटी भावंडे मोठ्या मुलीवर येतात, आणि प्रात्यक्षिके नेमकी त्याच काळात असतात. शिष्यवृत्ती वर्ष संपता संपता जमा होते. जी मुलगी प्रयोगशाळेत पोहोचते, तिलाही चौघांत एक ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडण्याची नळी) मिळते. एक जण अनुमापन (टायट्रेशन) करतो, उरलेले तिघे वाचने उतरवून घेतात. वसतिगृह आणि वेळेवर पैसे यांशिवाय कार्यपुस्तिका किती पुरणार?

नागसेनवन (औरंगाबाद) :
बालाघाट यांचा मुद्दा रास्त आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठही नव्हते. ते १९५८ मध्ये आले. नागसेनवनात, म्हणजे त्या महाविद्यालयाच्या परिसरात, वर्गांच्या जोडीला वसतिगृहे उभी राहिली, म्हणूनच खेड्यांतील मुले टिकली. तरीही निधी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. बारावीच्या निकालानंतर तासिका सुरू होईपर्यंतचे आठवडे मोकळेच जातात. त्यांत लॉग, घातांक, एकके आणि इंग्रजी संज्ञा यांचा वर्ग मराठीतून घेता येईल. (त्याचे मानधन कोण देणार, हे प्राचार्यांनी आधी ठरवावे.) प्रात्यक्षिकांच्या तुकड्या लहान करून ऊसतोडीच्या घरांतील मुलींना वेळ निवडू द्यावी.

गोदाकाठ (परभणी) :
शेजारच्या दोन महाविद्यालयांतील सहकाऱ्यांशी बोलून सामाईक कार्यपुस्तिकेचा पहिला भाग लिहायला घेतो. रसायनवाला, आपण सामू आणि मोलॅरिटीची उदाहरणे तपासून द्याल का?