निवासी गायन शिबिर: रेकॉर्डिंग आणि शिधा

प्रश्न: 25 जण, 3 दिवस, रोज 5 तास रेकॉर्डिंग. मेमरी किती लागेल? आणि पोहे-तांदूळ?

उत्तर: रेकॉर्डरचं दर्जाचं सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ ठेवलं, म्हणजे तासाला साधारण 1 जीबी. 32 जीबीचं एक कार्ड पुरतं, तरी रोज रात्री लॅपटॉपवर कॉपी घ्याच. कंडेन्सर माइक (चालायला वीज लागणारा) असेल तर फँटम पॉवर, म्हणजे रेकॉर्डरने केबलमधून माइकला दिलेली वीज, रेकॉर्डरचे सेल भराभर खाते. पॉवर बँक लावा.

उत्तर: आणि पंखा बंद! माइकवर वारा आला की नुसती घरघर. तंबोऱ्याच्या भोपळ्यासमोर माइक नको, गाणाऱ्यापासून हातभर ठेवा.

उत्तर: पोहे माणशी 80 ग्रॅम, म्हणजे न्याहारीला 2 किलो. जाडेच घ्या, पातळ भिजवले की लगदा. पोळ्या असतील तर जेवणाला 2 किलो तांदूळ भरपूर.