सोलर सायकल इडलीवाल्याला की फोटोला?

वायरमन: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'सायकलवर इडली विकणाऱ्या प्रत्येकाला सोलर ई-सायकल द्या, ऊन फुकट, खर्च शून्य.' वाचून डोकं तापलं. पंधरा वर्षं पॅनेल बसवतोय. 100 वॅटचं पॅनेल कडक उन्हात दिवसाला जेमतेम 400 वॅट-तास देतं. इंडक्शन शेगडी एकटी 2000 वॅट ओढते, ती चालेल दहा-बारा मिनिटं. शिवाय इडलीवाला पहाटे निघतो. तेव्हा ऊन कुठलं? मुंबईच्या जुलैत तर दुपारीही नाही. घरच्या प्लगवर अर्ध्या युनिटात बॅटरी भरते, कशाला पॅनेल?

भांडुपकर: दादा, इडलीवाला शेगडी नेतच नाही. धारावीत पहाटे वाफवतात, डबे भरतात आणि भोंपू वाजवत निघतात. फक्त चाकाला जोर हवा. माझे वडील वीस वर्षं सायकलवर चहा विकायचे. भरलेल्या टाक्या घेऊन पूल चढून दोन्ही गुडघे गेले. आणि घरचा प्लग म्हणता? एका खोलीत आठ जण, सायकल गल्लीत!

वायरमन: शेगडीचं चुकलं. बाकीचं नाही.

पोळीभाजीवाली: मोटर राहू दे, गाडी उचलून नेली तर? 2014च्या पथविक्रेता कायद्यात आहे, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत हटवायचं नाही. जप्त केलेलं सामान, नाशवंत नसेल तर, मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत परत द्यायचं. माझी हातगाडी सव्वा महिन्याने मिळाली, चाक वाकलेलं, सिलेंडर गायब.

पादचारी: आणि आम्ही चालायचं कुठून? माझी आई काठी टेकत रस्त्यातून जाते, कारण फुटपाथवर गाड्याच गाड्या.

पोळीभाजीवाली: त्या फुटपाथवर चारचाक्या किती असतात, त्या मोजल्यात कधी? त्यांना कोण उचलतं?

पादचारी: त्याही उचला! आईला दोन्हींचा त्रास आहे. तुम्ही गरीब म्हणून तिने पडायचं का?

भांडुपकर: अहो, फिरत्या सायकलवाल्याने कुणाचा फुटपाथ अडवलाय? धागा सायकलचा आहे.

पादचारी: फिरणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. एवढंच मान्य.

वायरमन: भांडुपकर, गुडघ्यांचं वाचून रात्रभर विचार केला. पॅनेल सायकलवर नकोच. आठ किलोचं धूड, वाऱ्यात गाडी कलंडेल. ते खोलीच्या पत्र्यावर टाका, बॅटऱ्या दोन ठेवा. एक फिरेल, एक भरेल. बॅटरी किल्लीने निघणारी घ्या, म्हणजे ताई, गाडी उचलली तरी बॅटरी हातात राहील.

पोळीभाजीवाली: बॅटरीचं पटलं. पण भाऊ, पत्रा मालकाचा आहे. त्यावर साधी ताडपत्री टाकली तरी तो भाडं वाढवतो.