मदत हवी आहे: गच्चीवरचा वारा नेमका किती वाजता फिरतो?

सईची_आई
तातडीचं आहे, उद्या परत घालायच्यात. काल २ किलो साबुदाण्याच्या पापड्या गच्चीवर घातल्या. सकाळी वारा डोंगराकडून, म्हणून विटा त्या कडेला ठेवल्या. एकच्या सुमारास खाडीकडून असा आला की प्लास्टिक सुळकन वर आणि अर्ध्या पापड्या टाकीमागे, कबुतरांच्या पंगतीला. मोबाइल तर 'वायव्य १४' दाखवत होता. म्हणजे वायव्येकडे जायला हवा ना? आला तिकडूनच! कधी फिरतो तेवढंच सांगा.

ठाणेकर_जुना
कुठली गच्ची? कितवा मजला?

सईची_आई
ऐरोली, सात मजली. डोंगर आणि खाडी सांगितली की, अजून काय हवं?

भूगोलवेडा
मुंब्र्यालाही डोंगर आणि खाडी आहे, ताई. असो. वाऱ्याला नाव तो जिकडून येतो त्या दिशेचं. वायव्य वारा म्हणजे वायव्येकडून आलेला, मोबाइल बरोबरच होता. दुपारचे हे खारे वारे. जमीन उन्हाने लवकर तापते, समुद्र सावकाश. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, दाब उतरतो आणि समुद्रावरची गार हवा आत घुसते. रात्री उलट, ते मतलई वारे.

चक्रधर
मूळ कारण पृथ्वीचं फिरणं. शाळेत झालंय हे.

भूगोलवेडा
अर्धंच झालंय. वारा सुटतो दाबातल्या फरकाने. फिरण्यामुळे तो वळतो, उत्तर गोलार्धात उजवीकडे. नकाशावर समदाब रेषा, म्हणजे सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, जितक्या दाटीने, तितका वेग जास्त.

चक्रधर
मग नैर्ऋत्य मोसमी वारे विषुववृत्त ओलांडल्यावर वळतात ते?

भूगोलवेडा
वळतातच म्हणतोय. सुटतात कशाने?

दिवाळे_कोळीवाडा
आमचे आजोबा शिडाची होडी पहाटे मतलईवर काढायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी. आता सगळं डिझेलवर. त्याचा भाव काढू नका.

वास्तुप्रेमी
वायव्य कोपरा वायूचाच. टाकी तिथेच आहे का? दोष आहे.

घोडबंदरवाली
मी ड्रायर घेतला, सुटले. तुम्हीही घ्या.

सईची_आई
ऊन फुकट आहे, ड्रायर नको. वेळ सांगा, वेळ!

भूगोलवेडा
घड्याळ लावून येत नाही तो. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेचा वारा जोरात असला की खारा वारा अडून राहतो, म्हणून तर त्या दिवशी पारा चढतो. सकाळचा वारा मंदावून हवा पडली की विटा खाडीच्या कडेला न्या. आणि त्या १४ वर जाऊ नका. हवामान खातं वारा उघड्यावर १० मीटर उंचीला मोजतं. सातव्या मजल्यावर जमिनीचं घर्षण कमी, वेग जास्त. दोन विंगांच्या फटीत तर विचारूच नका. धूळ-कागद उडू लागले म्हणजे ताशी २० किमीच्या वर गेला समजा.

ठाणेकर_जुना
टाकीच्या पूर्वेला घाला, आडोसा मिळेल.

सईची_आई
घातल्या आज. पावणेबाराला हवा पडली, दोरीवरचा टॉवेलसुद्धा हलेना. विटा हलवल्या. साडेबाराला वारा आला, एकही पापडी उडाली नाही. पण तीन वाजता टाकीची सावली आली, मधल्या अजून ओल्याच आहेत. आता?

घोडबंदरवाली
ड्रायर.