तुकडा घ्यावा की अख्खं तिकीट? सोसायटीच्या छंद ग्रुपवरची चर्चा

सोहम (ए-७०२): मंडळी, एक विचारायचं होतं. महागड्या वस्तूंचे हिस्से विकणारी ॲप्स आली आहेत. चित्र, नाणं, पोस्टाचं तिकीट, खेळाडूंची कार्डं. अख्खी वस्तू कोटींची, हिस्सा मात्र खिशाला झेपेल असा. जमवणाऱ्याने यात पडावं का?

परांजपे काका (बी-३०४): आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. वस्तूचा तुकडा तुला मिळतच नाही. अमेरिकेतल्या बहुतेक योजनांत एकेका वस्तूसाठी वेगळी छोटी कंपनी काढतात. वस्तू त्या कंपनीच्या नावावर, आणि तुझ्या हातात त्या कंपनीचे शेअर. वस्तू तिजोरीत. भिंगाखाली धरायची म्हणशील तर ते नाही.

सोहम: पण भाव वाढला की माझाही वाढेल ना?

वैशालीताई (सी-१०१): वाढेल, पण आधी खड्डा भरावा लागतो. हिशेब मांडते, आकडे धरून चाला.

लिलावात हातोडा १०० ला पडला, म्हणजे शेवटची बोली १००. घेणाऱ्याने द्यायचा प्रीमियम २५ टक्के, म्हणजे वस्तू पडली १२५ ला. ॲपवाल्यांचा वस्तू शोधण्याचा मेहनताना १० टक्के. एकूण १३७.५. लोकांना हिस्से विकले जातात ते या रकमेवर.

पुढे वर्षाला १.५ टक्के व्यवस्थापन खर्च. तो रोख मागत नाहीत, तेवढे नवे शेअर स्वतःच्या नावे काढतात. पाच वर्षांनी तुमचा वाटा १०० वरून साधारण ९३ वर येतो. विकताना लिलावगृहाचं कमिशन १० टक्के.

आता उलटं मोजा. १३७.५ भागिले ०.९३, भागिले ०.९. उत्तर १६४. म्हणजे हातोडा १०० चा १६४ वर गेला, तर तुम्ही आहात तिथेच. पाच वर्षं सलग दरसाल १० टक्क्यांहून जास्त वाढ हवी, तेव्हा कुठे मुद्दल सुटतं. त्यानंतरच्या नफ्यातही चालवणाऱ्यांचा वाटा असतो. चित्रांचे हिस्से विकणाऱ्या मास्टरवर्क्स या अमेरिकन कंपनीचं प्रसिद्ध सूत्र १.५ टक्के आणि नफ्याचे २० टक्के असं आहे.

सोहम: 😶

परांजपे काका: याच्या शेजारी खरं उदाहरण ठेव. ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं मॅजेंटा तिकीट, जगात एकच. १९८० मध्ये ९ लाख ३५ हजार डॉलरला गेलं, २०१४ मध्ये जवळपास ९५ लाखांना. ऐकायला दसपट, पण ३४ वर्षं धरली तर वर्षाला ७ टक्क्यांच्या आसपास. २०२१ मध्ये तेच ८३ लाखांना गेलं, म्हणजे सात वर्षांत १२ टक्के घट. तेव्हा ते घेतलं स्टॅन्ली गिबन्स या तिकिटांच्या ब्रिटिश व्यापारी कंपनीने, आणि त्याचे ८०,००० हिस्से काढले, प्रत्येकी १०० पौंड.

वैशालीताई: ८०,००० गुणिले १०० म्हणजे ८० लाख पौंड. त्या वेळच्या दराने १ कोटी डॉलरच्या वर. घेतलं ८३ लाखांना. वरचा फरक पहिल्याच दिवशी हिस्सेदारांच्या डोक्यावर.

परांजपे काका: आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती कंपनीच ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीच्या कारवाईत गेली, धंदा दुसऱ्यांनी उचलला. तिकिटाला काही झालं नाही. पण हिस्सेदाराला एकाऐवजी दोन गोष्टींवर डोळा ठेवावा लागतो: वस्तूचा भाव, आणि ती सांभाळणाऱ्याची तब्येत.

मेघना (डी-५०५): काका, सगळं एकाच फडक्याने पुसू नका. ज्याला जमवायचं नाही, फक्त थोडे पैसे वेगळ्या जागी ठेवायचे आहेत, त्याला हे चालू शकतं. फक्त कागद वाचता आला पाहिजे. अमेरिकेतल्या योजना बहुधा रेग्युलेशन ए या छोट्या भांडवल-उभारणीच्या नियमाखाली असतात, त्यांचे कागद एसईसीच्या (तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या) एडगर साइटवर फुकट मिळतात. विक्रीआधीचा अर्ज फॉर्म १-ए, वार्षिक अहवाल १-के, मधल्या घडामोडी १-यू.

१-ए उघडल्यावर थेट ‘यूज ऑफ प्रोसीड्स’चा तक्ता गाठायचा. जमवलेली रक्कम एका बाजूला, वस्तूची खरी खरेदी किंमत दुसऱ्या बाजूला. ताई मघाशी म्हणाल्या तो फरक तिथे छापलेला असतो. मग बघायचं, विकायचं कधी हे कोण ठरवतं. बहुतेक ठिकाणी चालवणारी कंपनीच. हिस्सेदारांचं मत विचारत असतील तर ते बंधनकारक आहे का, ते वाचा. आणि स्वतःचा हिस्सा मध्येच विकायचा तर बाजार कुठे? त्यांच्याच ॲपवर. समोर घेणारा नसेल तर दाखवलेला भाव ही नुसती शोभा.

सोहम: आणि ते टोकनवालं, क्रिप्टोमधून सगळ्यांनी मिळून घ्यायचं?

मेघना: त्यातून लांब राहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या छापील प्रतींपैकी एकीसाठी १७,००० हून जास्त लोकांनी सुमारे ४.७ कोटी डॉलर जमवले. प्रत ४.३२ कोटींना दुसऱ्यानेच नेली. त्याला कारण होतं: गटाचा आकडा सगळ्या जगाला दिसत होता, समोरच्याला किती वर जायचं ते आधीच कळलं. पैसे परत घ्यायचे तर इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कची गॅस फी, म्हणजे व्यवहाराचं शुल्क. छोटी रक्कम टाकलेल्यांची बरीचशी त्यातच गेली.

वैशालीताई: त्याच महिन्यातला दुसरा किस्सा त्याहून भारी. कधीच न बनलेल्या एका चित्रपटाच्या चित्र-संहितेचं पुस्तक. लिलावगृहाचा अंदाज २५ ते ३५ हजार युरो, एका गटाने दिले २६ लाखांवर. मग म्हणे, आता यावरून मालिका काढू! पुस्तकाची प्रत घेतली म्हणजे कॉपीराइट मिळत नाही, हे कोणी विचारलंच नव्हतं.

सोहम: बरं, मग ज्याला जमवायचंच आहे त्याने काय करावं? मला जुनं, नाव असलेलं काहीतरी हवंय. नक्कल नको.

परांजपे काका: आता कसं बोललास! दुर्मीळ वस्तू सोड, तिचा सख्खा भाऊ धर.

पेनी ब्लॅक घे. १८४० चं, जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट. लोकांना वाटतं दुर्मीळ असेल. छापली ६ कोटी ८० लाखांहून जास्त. भाव चढतो तो मार्जिनमुळे. छिद्रं नव्हती, पोस्टातली माणसं कात्रीने कापत. चारही बाजूंना मोकळी किनार राहिलेलं महाग, एका बाजूला चित्राला लागून कापलेलं बरंच स्वस्त.

त्याहून स्वस्त आणि माझ्या मते जास्त मजेचं: १८४१ चं पेनी रेड. तोच राणीचा चेहरा, आणि पेनी ब्लॅकच्या छपाईच्या ज्या प्लेटा होत्या त्यांतल्या काहींवरूनच सुरुवातीची लाल तिकिटं छापली. रंग बदलला कारण काळ्या तिकिटावरचा लाल शिक्का पुसून तिकीट परत वापरलं जात होतं. आधी शिक्क्याची शाई काळी केली, मग तिकीटच लाल केलं.

इनामदार सर (ए-२०३): घेताना फसगत कुठे होते तेही सांगा काका.

परांजपे काका: सांगतो. पहिलं, ‘थिन’. जुना हिंज (अल्बममध्ये तिकीट चिकटवायची कागदी पट्टी) ओढून काढताना मागचा कागद सोलला जातो. तिकीट दिव्यासमोर धरलं की तेवढीच जागा उजळ दिसते. दुसरं, जोडलेली किनार. कापलेल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून चार मार्जिन ‘तयार’ करतात. काळ्या ट्रेमध्ये तिकीट उलटं ठेवून वॉटरमार्क (कागदातच असलेली छाप) पाहायच्या द्रवाचे दोन थेंब टाका. छोटा मुकुट दिसला पाहिजे, आणि जोड असेल तर सरळ गडद रेघ उमटते. लायटरमधला नॅफ्था वापरत असाल तर खिडकी उघडी, जवळ ज्योत नको. तिसरं, पेनाने रद्द केलेली खूण धुऊन काढलेली. अतिनील दिव्याखाली ती बहुधा परत दिसते.

सुरुवातीच्या लाल तिकिटांचा कागद मागून निळसर असेल तर घाबरू नका. शाईतल्या रसायनाने तो तसा झालाय. उलट तो निळसरपणा असलेला बरा.

नंतरच्या, १८६४ पासूनच्या पेनी रेडमध्ये प्लेटचा आकडा दोन्ही बाजूंच्या जाळीदार नक्षीत उभा लपवलेला आहे. दहापट भिंग, तिकीट आडवं फिरवून. ७१ ते २२५, मधले काही वापरलेच नाहीत. त्यातली ७७ नंबरची अतिदुर्मीळ. कोणी ७७ दाखवलं तर आधी १७७ मधला १ खरवडलाय का ते बघ. तज्ज्ञ मंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय ७७ ला हातही लावू नये.

इनामदार सर: नाण्यांत माझं मत मारिया थेरेसा थालरला, ऑस्ट्रियाच्या राणीच्या नावाच्या चांदीच्या नाण्याला. तारीख कायम १७८०, राणी त्या वर्षी वारली. पण व्यापारासाठी त्याच तारखेने नंतरही पाडत राहिले: व्हिएन्ना, रोम, लंडन, पॅरिस, मुंबई. राणीच्या ब्रोचमधले मोती आणि गरुडाच्या शेपटीची पिसं मोजून टांकसाळ ओळखायची, हाच एक वेगळा छंद आहे. अलीकडची नाणी चांदीच्या भावाच्या आसपास मिळतात.

सोहम: खोटं आहे का ते घरी कळतं?

इनामदार सर: कळतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी ८३३ भाग, बाकी तांबं. या मिश्रणाची घनता साधारण १०.२.

१. नाणं कोरडं तोला.
२. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा.
३. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पूर्ण बुडेल असं हाताने धरून ठेवा. तळाला, काठाला टेकू नये.
४. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा.

खऱ्या थालरला काट्याचा आकडा २.७५ च्या आसपास येतो, भागाकार १०.२ च्या आसपास. पितळेचं असेल तर काट्याचा आकडा ३.३ च्या आसपास. सोन्याला मात्र या चाचणीवर विसंबू नका. टंगस्टनची घनता १९.२५, सोन्याची १९.३. काट्याला फरक कळत नाही.

मेघना: मी आत्ता करून पाहिलं सर. २.९४ आला. गेलं का नाणं?

इनामदार सर: थांबा, घाई नको. कडेवर अक्षरांच्या खोबणीत हवेचे बुडबुडे अडकले असतील. बुडबुडा जागा घेतो, आकडा फुगतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाणं बुडवून हलवा, मग तोला. तळाला पूर्ण टेकलं असतं तर आकडा एकदम वीसच्या पुढे गेला असता. आणि कडेवर लॅटिन अक्षरं उठावदार आहेत का तेही पाहा, ‘इयुस्टिटिया एट क्लेमेन्टिया’.

मेघना: साबण घालून २.७७. अक्षरं आहेत 🙂

इनामदार सर: ठीक आहे. आता पुसून चकचकीत करू नका. नळाच्या पाण्याखाली धरा, मऊ कपड्यावर टिपून वाळवा, बस. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत हिरवा चिकट थर येतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलर घ्या. थर आलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता.

सोहम: ठरलं. पेनी रेडपासून सुरू करतो. पण २४० वगैरे आकडा वाचला, ती शीट पूर्ण करायची का?

परांजपे काका: शीट २४० ची: २० रांगा, प्रत्येकीत १२. प्रत्येक तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं. पहिलं रांगेचं, ए ते टी. दुसरं रांगेतल्या जागेचं, ए ते एल. प्लेट ओळखत बसू नकोस, नुसत्या अक्षरांवर जुळव. सगळी २४० एकदम नको. तू सोहम, मग ‘एस’ची रांग घे. एस-ए ते एस-एल, बारा तिकिटं.

मेघना: मग मी एम-पी शोधते, मेघना पाटील.

परांजपे काका: दुसरं अक्षर एलच्या पुढे जातच नाही. एम-पी कोणी विकायला आणलं तर ग्रुपवर फोटो टाक, सगळे मिळून हसू.