मदत हवी आहे: क्रीव्हीच्या पत्रातलं 'नाईस' मराठीत कसं आणू?

थॉमस क्रीव्ही (१७६८–१८३८) या लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या, व्हिग पक्षाच्या ब्रिटिश खासदारावर छोटा लेख लिहितोय. मंत्रिपद वगैरे मोठं काही हाती लागलं नाही, पण कान तिखट आणि लेखणी त्याहून तिखट. सावत्र मुलीला लिहिलेली पत्रं आणि इतर कागद १९०३ साली दोन खंडांत छापले गेले, म्हणून आज तो आठवतो.

१८१५ मध्ये आजारी बायकोमुळे तो ब्रसेल्सला होता. वॉटर्लूच्या लढाईआधी तिथल्या बागेत नेपोलियनविरुद्ध लढणारा इंग्रज सेनापती वेलिंग्टन भेटला, तेव्हा समोरून एक साधा इंग्रज शिपाई पुतळे बघत चालला होता. त्याच्याकडे बोट दाखवून वेलिंग्टन म्हणाला, सगळं त्या 'चिजे'वर अवलंबून आहे. वॉटर्लूच्या दुसऱ्या दिवशी क्रीव्ही त्याला पुन्हा भेटला, तेव्हा वेलिंग्टन म्हणाला, 'डॅम्ड नाईस थिंग' झाली, इतकी अटीतटीची गोष्ट तू आयुष्यात पाहिली नसशील.

घोडं इथंच अडलंय. इथे 'नाईस' म्हणजे छान नव्हे, नाजूक, थोडक्यात निभावलेलं. 'निसटता विजय' फारच वर्तमानपत्री वाटतो. 'जीव मुठीत धरून जिंकलो' म्हटलं तर वेलिंग्टन घाबरट वाटतो! मराठ्यांविरुद्ध असईची लढाई मारलेला माणूस तो. शिवाय मूळ शब्दांतली शिवी पण राहायला हवी.

दुसरं, १८०६ मध्ये क्रीव्ही ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा सचिव होता. त्या वर्षाच्या पत्रांत मराठ्यांचा उल्लेख कुणाला सापडलाय का? पान क्रमांक दिलात तर फार बरं होईल.