प्रश्न क्रमांक १४

बी-३०४ : नमस्कार. काल झेंडावंदनानंतर झालेल्या क्विझबद्दल. प्रश्न १४, "एन्साइन म्हणजे काय?" आमच्या पोरानं "सैन्याचा झेंडा" लिहिलंय. चूक दिलंय. एका मार्कानं तिसरा नंबर गेला, रात्री जेवला नाही. खुलासा व्हावा.

सेक्रेटरी : समितीचं उत्तर "कनिष्ठ अधिकारी" असं आहे. मुलांच्या स्पर्धेत मोठ्यांनी पडू नये ही नम्र विनंती 🙏

बी-३०४ : पडूलोय कुठं? विचारूलोय. झेंडा बरोबर की चूक, एवढंच सांगा.

ए-१०२ मावशी : शिऱ्याचं मोठं पातेलं कुणाकडं राहिलंय? बुडाला आमच्या सासऱ्यांचं नाव घातलंय.

डी-४०१ नेव्हीवाले : झेंडाच बरोबर. जहाजाच्या मागच्या टोकाला लागतो तो एन्साइन. वीस वर्षं रोज सकाळी आठला त्याला सलाम केलाय. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत ही युद्धनौका नेव्हीत दाखल झाली, त्याच दिवशी नवा एन्साइन आला. सेंट जॉर्जचा लाल क्रॉस गेला, महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला निळा अष्टकोन आला. बेळगावात राहून हे माहीत नसेल तर काय बोलायचं!

सी-२०१ : "काय बोलायचं" म्हणजे? पेपर आमच्या हिनं काढलाय, दोन रात्री जागून. अमेरिकन नेव्हीत एन्साइन हा सगळ्यात खालचा अधिकारी असतो. गाइडमध्ये आहे.

डी-४०१ नेव्हीवाले : ते अमेरिकेत. आपल्या नेव्हीत त्याला सब-लेफ्टनंट म्हणतात. क्विझ प्रजासत्ताक दिनाचं होतं ना?

बी-३०४ : म्हणजे झेंडा बरोबर. मार्क द्या.

ए-३०३ : एन्साइनचं राहू दे, आधी गेटजवळच्या नो पार्किंगच्या साइनकडं बघा 😂 पांढरी गाडी परत तिथंच.

सी-२०१ : पांढरी गाडी आमची आहे. पाहुणे आलेत खानापूरहून. दहा मिनिटात काढतो. सगळं एकदमच काढा आज.

ए-३०३ : दहा मिनिटं काल संध्याकाळपासून चालूच आहेत.

सेक्रेटरी : कृपया विषयावर राहावं.

सी-१०४ वहिनी : माझं माहेर मडगाव. पोर्तुगीज फौजेत "अल्फेरेस" असायचा, आजोबा सांगायचे. निशाण धरणारा तो अल्फेरेस, आणि तोच छोटा अधिकारी. म्हणून मला वाटतं दोन्ही एकच असेल.

बी-३०४ : बघा की. मार्क द्या.

सुभेदार काका : आत्ता बघितलं, कॅम्पात गेलो होतो. वहिनींनी बरोबर नस पकडली. जुन्या ब्रिटिश पायदळात पलटणीचं निशाण सगळ्यात पोरसवदा अधिकाऱ्याच्या हातात द्यायचे. तोफांच्या धुरात पुढचा माणूस दिसायचा नाही, जवान निशाण बघून गोळा व्हायचे. ते पडलं की पलटण फुटली. म्हणून शत्रूचा पहिला नेम त्या पोरावर. मूळ शब्द लॅटिन, त्याचा अर्थ खुणा. त्यावरून झेंड्याला एन्साइन, आणि झेंडा धरणाऱ्यालाही एन्साइनच. आपल्यात भाला धरतो तो भालदार, निशाण धरतो तो निशाणदार. इंग्रजीत तो "दार"सुद्धा लागला नाही, माणसालाच झेंड्याचं नाव. घोडदळात तसाच कॉर्नेट. १८७१ ला ब्रिटिशांनी दोन्ही पदं काढली, पुढं सेकंड लेफ्टनंट आला.

आणि समितीला एक. कनिष्ठ अधिकारी म्हणजे आमच्यासारखे जेसीओ, शिपायापासून वर चढलेले सुभेदार, नव्हेत. एन्साइन कमिशन घेतलेला, म्हणजे थेट अधिकारी म्हणून नेमलेला. आमचं नायब सुभेदार पद १९६५ पर्यंत जमादार होतं, त्याचा याच्याशी संबंध नाही. उत्तरपत्रिकेत तेवढं सुधारून घ्या.

बी-१०१ अण्णा : नमस्कार सर. कन्नडमध्ये पण निशाने म्हणजे झेंडाच. पेपरात येतं बघा, "हसिरु निशाने", हिरवा झेंडा दाखवला.

सुभेदार काका : व्हय अण्णा. पलटणीतसुद्धा निशानच म्हणतात. सेंटरवर, म्हणजे पलटणीत जाणाऱ्या पोरांना तयार करतात तिथं, शपथेच्या कसम परेडला निशान टोळी येते तेव्हा अख्खं मैदान सावधान. काठी पट्ट्याच्या चामडी खोबणीत, वारा आला की सगळा भार कमरेवर, पण काठी तसूभर कलत नाही. बघायला आलेले आईबापही आपोआप उठून उभे राहतात. मी स्वतः तिथं शपथ घेतलीय. त्या पोरानं झेंडा लिहिलं, त्याला चूक म्हणू नका, मला सोसवत नाही.

सी-२०१ : काका, तुमचा मान ठेवून सांगतो, हिनं चूक केली नाही. गाइडमध्ये एकच अर्थ दिला होता.

सुभेदार काका : सूनबाईंची काही चूक नाही. मेहनत दिसली पेपरात. प्रश्नच दोन उत्तरांचा होता.

बी-३०४ : पेपर काढलेल्या वहिनींवर माझा राग नव्हताच. फक्त मार्क.

डी-४०१ नेव्हीवाले : मी सकाळी जरा जास्त बोललो. वहिनींना सॉरी सांगा.

सेक्रेटरी : दोन्ही उत्तरांना मार्क. तिसरा नंबर दोघांना विभागून. दुसरं बक्षीस मी आणतो.

ए-१०२ मावशी : पातेलं??

ए-३०३ : मावशी, आमच्याकडंच आहे. धुऊन आणतो. पांढरी गाडी अजून तिथंच.

बी-३०४ : काका, पोरगा विचारूलाय, ती परेड बघायला मिळेल काय?

सुभेदार काका : पुढच्या परेडची चौकशी करतो. तोपर्यंत रविवारी सकाळी सातला खाली पाठव, निशान कसं धरतात ते काठीवर शिकवतो. चप्पल नको, बूट घालून ये म्हणावं.