प्रति: वर्ग भरतो, पण दाखल्याचं काय?

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की विस्थापितांच्या छावणीतल्या मुलांना गाणी-गोष्टींत रमवलं तरी पुष्कळ झालं. पहिले दोन-तीन महिने, मान्य. पुढे नाही.

बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावण्या बघा. 2017 च्या लोंढ्यानंतर बांबू-ताडपत्रीच्या खोल्यांत पाळ्या लावून वर्ग सुरू झाले. पण बांगलादेशचा अभ्यासक्रम शिकवायला सरकारची परवानगी नाही, आणि म्यानमारचा प्रायोगिक तत्त्वावर सुरू व्हायला 2021 उजाडलं. तोवर पोरं रोज वर्गात यायची, पण इयत्ता कितवी विचारलं तर उत्तर नाही.

आपला कायदा त्या मानाने बरा (कागदावर तरी!). 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेश आणि राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण, दोन्ही आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. तरी सलवा जुडूमच्या (छत्तीसगडमधली माओवाद्यांविरुद्धची सशस्त्र मोहीम) काळात बस्तरहून तेव्हाच्या आंध्रात पळालेल्या गोंडी पोरांपुढे तेलुगूची भिंत होतीच.

आमच्या गोवंडीतल्या वस्तीवर्गात दहा वर्षांच्या पोराला पहिलीचं पुस्तक दिलं की ते सरळ उलटं ठेवतं. बसची पाटी वाचायला दिली की पुढे सरकतं. त्यामुळे गट वयावर नाही, वाचता किती येतं त्यावर पाडायचे. आणि प्रत्येकाची हजेरी, पातळी तारखेसह वहीत लिहायची. शाळेत प्रवेश घेताना मुख्याध्यापकांसमोर तीच वही ठेवता येते.